नवी इमारत होईपर्यंत मुले कुठे बसतात?

पहिलीत येणारे मूल सहा वर्षांचे असते. त्याच्या शाळेचे बांधकाम दीड वर्ष चालले, तर त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या चौथ्या हिश्शाएवढा काळ ते खडी, पत्रे आणि ब्रेकरच्या आवाजात काढते. अक्षरे ओळखायला लागण्याचा, वाचायला लागण्याचा, संख्या हाताशी येण्याचा काळ हाच. बांधकाम विभागाच्या कागदावर मात्र त्याची नोंद ‘कामाचा कालावधी’ एवढीच होते. शाळा वाढायला हव्यात, पडायला आलेल्या खोल्या पाडायला हव्यात, नव्या उभ्या राहायला हव्यात, याबद्दल दुमत नाही. प्रश्न मधल्या काळाचा आहे. त्या काळात लहान मुलांचे काय होते, याविषयी अभ्यासकांना काय आढळले, आपल्या नियमांत काय लिहिले आहे आणि महाराष्ट्रातल्या शाळांत प्रत्यक्षात काय घडते, याचा हा आढावा.

आधी बांधकामाची गरज पाहू. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचा भाग सकाळी मुलांच्या अंगावर कोसळला आणि सात मुले गेली. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत पडून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्याआधी १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. ही आग विस्ताराच्या दृष्टीनेही समजून घेण्यासारखी आहे. शाळेने जागा तेवढीच ठेवून मुले वाढवत नेली होती. वरच्या मजल्यावरचे वर्ग झावळ्यांच्या छपराखाली भरत, उतरायला वाट अरुंद, आणि आग निघाली ती माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून. पटसंख्या वाढली, इमारत वाढली नाही आणि मधली तूट छपराने भरून काढली. या घटनेनंतरच्या याचिकेवर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि संरक्षक भिंत हे निकष घातले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेपासून सर्व शिक्षा अभियान आणि आताच्या समग्र शिक्षापर्यंत शाळांची बांधकामे चालूच आहेत, आणि ती थांबता कामा नयेत.

नव्या शाळांनी मुलांचे भले होते, याला भक्कम पुरावा आहे. इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या काही वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की त्यामुळे तिथल्या मुलांच्या शिक्षणाची वर्षे वाढली आणि पुढे त्यांची कमाईही वाढली. भारतातल्या शाळांत २००३ नंतर स्वच्छतागृहे बांधली गेली, तेव्हा पटनोंदणी वाढल्याचे अंजली अदुकिया यांच्या अभ्यासात दिसले. लहान वयाच्या मुलांना तर स्वच्छतागृह सामायिक असले तरी फायदा झाला. वयात आलेल्या मुलींसाठी ते वेगळे असणे आवश्यक ठरले. लॉस एंजेलिसमध्ये २००२ नंतरच्या दीड दशकात सुमारे दीडशे नव्या शाळा उभ्या राहिल्या. गर्दीच्या जुन्या शाळांतून तिथे गेलेल्या मुलांची हजेरी आणि गुण सुधारले, पण ही सुधारणा एका वर्षात झाली नाही. वर्षागणिक थोडी थोडी होत गेली.

याच साहित्यात दुसरी बाजूही नोंदलेली आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ओहायो राज्याने खर्च उचललेल्या शाळाबांधणीवर २०१५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बांधकाम चालू असतानाच्या काळात मुलांचे गुण घसरल्याचे आढळले. म्हणजे इमारतीचा लाभ पुढच्या तुकड्यांच्या पदरात पडतो आणि किंमत मोजतात ती त्या वेळी तिथे बसलेली मुले. चौथीपर्यंतच्या शाळेत दोन वर्षे काम चालले, तर तिसरीतले मूल नव्या खोलीत पाऊलही न टाकता शाळा सोडून जाते. त्याच्या वाट्याला फक्त बांधकाम येते.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण त्याचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एका प्राथमिक शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जातो. १९७५ मध्ये अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या बाजूच्या वर्गांतल्या मुलांचे वाचन शांत बाजूच्या मुलांशी ताडून पाहिले. सहावीपर्यंत पोचता पोचता रेल्वेकडच्या बाजूची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली निघाली. शाळा तीच होती, वस्ती तीच होती, फरक फक्त खिडकीच्या दिशेचा होता. गाडी आली की शिक्षक बोलणे थांबवत आणि गेली की पुन्हा सुरू करत. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या गेल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लागली, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंचे वाचन सारखे आढळले. म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये शहराजवळून हलवला गेला, तेव्हाही असेच दिसले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सावरले, नव्या विमानतळाजवळच्यांचे घसरले. लंडन, अ‍ॅमस्टरडॅम आणि माद्रिद या तीन शहरांतल्या २,८४४ मुलांवर २००५ मध्ये झालेल्या पाहणीत विमानांचा आवाज जितका जास्त, तितके वाचनाचे आकलन कमी, असा सरळ संबंध मिळाला.

हे अभ्यास रेल्वे आणि विमानांचे आहेत, बांधकामाचे नाहीत. बांधकामाचा आवाज वर्षानुवर्षे टिकत नाही, आणि म्युनिक-न्यूयॉर्कचा अनुभव सांगतो की आवाज थांबला की मुले सावरतात. त्यामुळे पालकांनी घाबरून मुलाला शाळेतून काढावे, असा अर्थ यातून निघत नाही. पण सावरायलाही वेळ द्यावा लागतो. पहिलीत अक्षरे नीट पक्की झाली नाहीत म्हणून दुसरीचे पुस्तक थांबून राहत नाही.

लहान मुलांनाच हा त्रास अधिक का होतो, हे वर्गात बसले की कळते. बाई श्रुतलेखन घालतात. ‘बाण’, ‘बाळ’, ‘ताट’, ‘ताठ’, ‘गाल’, ‘घाल’. शेजारी मिक्सर फिरत असेल तर मोठ्या माणसाला यातला एखादा आवाज निसटला तरी वाक्यावरून तो भरून काढता येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो. गोंगाटातून नेमके बोलणे वेगळे काढण्याची क्षमता पुरती यायला मुलांना किशोरवय गाठावे लागते. मेळघाटात कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारकडे भिली बोलणारे मूल शाळेत मराठी नव्यानेच ऐकत असते. त्याला तर अंदाजाचाही आधार नसतो. ज्याला कमी ऐकू येते, ज्याला स्वमग्नता आहे किंवा अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने जे बावरते, त्या मुलाचा दिवसच वाया जातो. ही मुले तक्रार करत नाहीत. ती खिडकीबाहेर बघत बसतात आणि शेरा पडतो, ‘लक्ष नसते’.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात शिकवणे चालू असताना वर्गातला पार्श्वआवाज ३५ डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले आहे. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. बांधकामाची आवाज करणारी यंत्रे निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात चालवण्यावर स्पष्ट बंदी आहे, पण ती रात्रीची. झोपणाऱ्यांची काळजी त्यात घेतली गेली. शाळा भरते दिवसा. त्या वेळी ब्रेकर चालू असेल तर ५० डेसिबलचा आकडा कागदावरच राहतो, कारण मोजायला कोणी येत नाही.

धुळीबद्दल थोडक्यात. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, जमिनीच्या जवळ असते आणि खेळताना तोंडाने श्वास घेते. बार्सिलोनातील ३९ शाळांमधल्या सात ते दहा वर्षांच्या मुलांवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की जिथे वाहनांचे प्रदूषण जास्त, तिथे मुलांच्या कार्यरत स्मृतीची वाढ मंद झाली. तो अभ्यास धुराचा आहे. बांधकामाच्या धुळीचे स्वरूप वेगळे. तिच्यात वाळू-सिमेंटमधला सिलिका असतो. फरशी आणि कोटा कापणारे कटर मशिन वर्गाच्या दाराशी मांडले, तर धुळीचा लोट आत येतो. जुन्या शाळांवरचे सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते जागेवर शाबूत असताना फारसा धोका नसतो. हातोड्याने फोडून खाली टाकले की त्यांचे तंतू हवेत मिसळतात, आणि ते फुप्फुसाला घातक आहेत. जुन्या भिंतीचा रंग खरवडतानाही जपायला हवे, कारण रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसे किती आहे, याचा भरवसा नाही. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत वाळू-माती झाकणे, उघड्यावर दगड-फरशी न कापणे, वारा अडवणारा आडोसा उभारणे हे बंधनकारक आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक एकरापेक्षा मोठ्या बांधकामांना ३५ फूट आणि लहान बांधकामांना २५ फूट उंच पत्र्याचा आडोसा सक्तीचा केला. हे नियम शेजारच्या टॉवरला लावून घेण्यासाठी पालक भांडतात. शाळेच्या स्वतःच्या आवारातल्या कामाला मात्र हिरवी जाळीसुद्धा बांधलेली नसते आणि ते कोणाला खटकत नाही. क्युरिंगसाठी स्लॅबवर साठवलेल्या पाण्याचेही तसेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि मुले दिवसाच तिथे असतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. मुले कुठे बसतात?

जिल्हा परिषदेच्या शाळेत खोली धोकादायक ठरली की तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. अभियंत्याचा दाखला, मंजुरी, मग पाडकाम. नव्या खोलीची मंजुरी हे वेगळे प्रकरण असते; त्याचा निधी समग्र शिक्षातून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून यायचा असतो. दोन्ही कागद एका वेळी हलत नाहीत. खोली पडते, नवी मंजूर व्हायला वेळ जातो, आणि मधल्या काळात पहिली-दुसरी मंदिराच्या सभामंडपात, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरते. सभामंडपाला तीन बाजूंनी भिंत नसते. फळा खांबाला टेकवून ठेवतात. एका टोकाला पहिलीचे पाढे, दुसऱ्या टोकाला तिसरीची कविता, मध्ये दर्शनाला आलेली माणसे. दशक्रिया, सप्ताह, लग्न असले की शाळेला सुट्टी. भिंत नाही म्हणून तक्ते नाहीत, कपाट नाही म्हणून साहित्य नाही. मणी, काड्या, अक्षरकार्डे गोण्यांत बांधून मुख्याध्यापकांच्या खोलीत पडून राहतात. पहिलीचे शिक्षण ज्या वस्तूंवर चालते, नेमक्या त्याच आधी बांधून ठेवल्या जातात. पत्र्याच्या शेडची गोष्ट आणखी वेगळी. मार्चमध्ये दुपारी त्यात बसवत नाही, आणि जुलैत पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही.

शहरात दुसरा मार्ग निघतो, तो अधिवेशनांचा. अर्ध्या खोल्या कमी झाल्या की शाळा दोन पाळ्यांत भरते. वरच्या वर्गांना दुपार लागते म्हणून लहानांना सकाळ मिळते, किंवा उलट. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, आणि त्यामागे लहान मुलांच्या झोपेचा विचार होता. लहानांना सकाळची पाळी देणारी शाळा हा निर्णय पाळूच शकत नाही. शिवाय आरटीईनुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे, म्हणजे रोजचे चार तास. पाळ्यांच्या मधली आवराआवर, मधली सुट्टी आणि पोषण आहार धरले तर हे चार तास भरत नाहीत. कमी पडलेले तास कुठेही नोंदले जात नाहीत.

तिसरा मार्ग मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवण्याचा. महापालिकांच्या शाळांत तो नेहमी वापरला जातो. इमारत धोकादायक ठरते, मुले ‘तात्पुरती’ जवळच्या शाळेत सामावली जातात, आणि फेरबांधणी लांबत जाते. दहा-बारा वर्षांचे मूल मोठा रस्ता ओलांडून चालत जाईल. सहा वर्षांच्या मुलाला कोणीतरी सोडायला लागते, आणि घरकामाला जाणारी आई रोज ते करू शकत नाही. मग नाव एका पटावर राहते आणि मूल घरी, किंवा पालक पदरमोड करून जवळच्या खासगी शाळेत घालतात. नवी इमारत होते तेव्हा पट घसरलेला असतो, आणि तोच घसरलेला पट पुढच्या तुकड्या बंद करण्याचे कारण ठरतो. हे चक्र तोडायचे असेल तर पाडकामाच्या आधी परतीची तारीख लेखी हवी, आणि ने-आण करण्याची जबाबदारी कोणाची, हेही लेखी हवे. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, सत्र सुरू व्हायला काही दिवस असताना, ठिसूळ काँक्रीटमुळे शंभराहून अधिक शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद करायला सांगण्यात आले. श्रीमंत देशातही मुलांना तंबूत, तात्पुरत्या खोल्यांत आणि घरी बसावे लागले. फरक इतकाच की कोणती शाळा, किती मुले, कुठे बसवली, याच्या याद्या तिथे जाहीर झाल्या आणि संसदेत सरकारला जाब द्यावा लागला.

स्वच्छतागृहाचा मुद्दा लहान वाटेल, पण मुलांच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा असतो. जुन्या खोल्यांबरोबर बहुतेक वेळा तेही पाडले जाते, किंवा बांधकामाच्या कुंपणाआड जाते, किंवा मजूर ते वापरू लागतात. मुले, त्यातही मुली, मग लघवी दाबून धरतात, पाणी प्यायचे टाळतात. पोटात दुखते, लघवीच्या जागी जळजळ होते, हजेरी कमी होते. नवे स्वच्छतागृह वापरात आल्याशिवाय जुने पाडू नये, एवढा एक नियम पाळला तरी बरेच काही साधेल. रॅम्पचेही तेच. पहिल्या ट्रकबरोबर रॅम्पवर वाळूचा ढीग पडतो आणि चाकाच्या खुर्चीतले मूल घरी बसते.

मैदान तर नेहमीच आधी जाते. सळ्या, खडी, विटा तिथेच उतरवतात, आणि काम संपल्यावर तिथे नवी विंग उभी असते. शहरात शाळेला वाढीव चटईक्षेत्र मिळाले की ते आडवेही पसरते आणि उभेही. मार्च २०२३ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही असे म्हटले. चौथीपर्यंतच्या मुलाला मैदान शिकण्यासाठीच लागते. धावणे, रांगेत थांबणे, भांडण मिटवणे हे सगळे ते तिथे शिकते. बांधकामाच्या काळात मधली सुट्टीही वर्गातच काढायला लावली, की शेवटच्या तासाला मुलांना आवरता येत नाही, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारून पाहा.

जिवाच्या धोक्याबद्दल वेगळे समजावून सांगायला नको. उघडा खड्डा, पाण्याची टाकी, वर वळवून ठेवलेल्या सळ्या, सेंट्रिंगचे खिळे, मागे येणारा ट्रक. मुलांचे कुतूहल स्वाभाविक आहे; ती तिथे जाणारच. त्यांना ‘तिकडे जायचे नाही’ असे सांगण्यावर सुरक्षा सोडता येत नाही, त्यासाठी पत्र्याचे पक्के कुंपण आणि वेगळे फाटकच लागते. आणि परक्या माणसांच्या ये-जा करण्याचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला. ठेकेदाराची माणसे मात्र आठवड्याला बदलतात. त्यांची नोंद ठेवण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे त्यांचा आणि मुलांचा मार्गच वेगळा ठेवणे.

त्या माणसांचीही मुले असतात, हे या विषयात कोणी धरत नाही. शाळेची भिंत बांधणारी बाई आपले पाच-सहा वर्षांचे पोर वाळूच्या ढिगावर बसवून काम करते, आणि दहा फुटांवर वर्ग भरलेला असतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले होते. शाळेच्या चार खोल्यांच्या कामावर तेवढ्या महिला कधीच नसतात. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ पासून बांधकामांवरच्या मुलांसाठी काम करत आली आहे, आणि मुंबई-पुण्यातली डोअर स्टेप स्कूलही. आरटीईनुसार त्या मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क आहे, कागदपत्रे असोत वा नसोत. ज्या शाळेचे बांधकाम चालू आहे, तिने आपल्या आवारातल्या मजुरांची मुले काम असेपर्यंत पटावर घ्यावीत, आणि ती पुढे गेली की राज्यानेच काढलेले शिक्षण हमी कार्ड त्यांच्या हाती द्यावे. याला एक रुपयाही जास्तीचा लागत नाही.

शिक्षकांचा वेळ हा आणखी एक हिशेब. सर्व शिक्षा अभियानात बांधकाम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करायचे धोरण होते. हेतू चांगला होता. पैसा गावात राहावा आणि देखरेख पालकांची असावी. प्रत्यक्षात सिमेंटचा भाव काढणे, वाळूची पावती, मोजमाप पुस्तिका, हप्ता सोडवण्यासाठी पंचायत समितीच्या फेऱ्या, हे सगळे मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडले. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजेच पहिली-दुसरीचा वर्गशिक्षक. तो तालुक्याला गेला की चारही वर्ग एकाच शिक्षकाकडे. आरटीईचे कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावू नयेत असे सांगते; बांधकामाची देखरेख ही त्यातून सुटणारी बाब नाही.

विस्तार झाल्यावर काय, हा प्रश्न राहतो. केनेथ लिथवुड आणि डोरिस जांत्झी यांनी २००९ मध्ये शाळेच्या आकारावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. वंचित घरांतली मुले बहुसंख्य असतील तर प्राथमिक शाळा साधारण ३०० मुलांच्या पुढे आणि संमिश्र घरांतली असतील तर ५०० च्या पुढे जाऊ नये, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुलाला शाळेतली प्रत्येक मोठी व्यक्ती आपल्याला ओळखते असे वाटणे गरजेचे असते. सॅल्फर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या पाहणीत इंग्लंडमधल्या २७ प्राथमिक शाळांतले १५३ वर्ग तपासले गेले. मुलांच्या प्रगतीतल्या फरकापैकी १६ टक्के भाग वर्गाच्या भौतिक स्थितीने समजावता आला, म्हणजे उजेड, हवा, तापमान, भिंतीवरची मांडणी. यात संपूर्ण इमारतीपेक्षा मूल ज्या एका खोलीत बसते त्या खोलीचे वजन जास्त होते. दर्शनी भागाला कमान आणि आत अंधाऱ्या खोल्या, असे बांधकाम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. खोलीच लहानांच्या मापाची करता येते, हे ‘बाला’ (बिल्डिंग अ‍ॅज लर्निंग एड, म्हणजे इमारतच शिकण्याचे साधन) उपक्रमाने दाखवले आहे: खिडकीच्या गजांवर अक्षरवळणे, दाराच्या उघडण्यातून कोन, जमिनीवर आलेख. हे नंतर रंगवण्यापेक्षा आराखड्यातच असले तर स्वस्त पडते.

आपल्याकडे विस्ताराचे आणखी एक रूप येऊ घातले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, आणि त्यासाठी नंदुरबारच्या तोरणमाळचा आणि पुण्याच्या पानशेतचा दाखला दिला. अशा शाळा राज्यात १४,७८३ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मोठी, सुसज्ज शाळा सातवी-आठवीच्या मुलाला कदाचित उपयोगी पडेल. पहिलीच्या मुलासाठी राज्याच्याच नियमात एक किलोमीटरची मर्यादा आहे, ती वाड्यावस्त्यांच्या अनुभवातून आली आहे. वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा बंद करून दुसरीकडे इमारत वाढवणे याला मी विस्तार म्हणणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे यापुढे शाळेच्या आवारात तीन वर्षांची मुलेही येतील. तेव्हा हा प्रश्न आणखी कोवळ्या वयापर्यंत जाणार आहे.

या साऱ्यात एक कारण मुळाशी आहे, आणि ते दुरुस्त करता येण्याजोगे आहे. बांधकामाचे वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचे वर्ष जून ते एप्रिल. निधी आर्थिक वर्षाच्या शेवटी मिळतो, निविदा आणि कार्यारंभ आदेश निघेपर्यंत उन्हाळी सुट्टी संपते, आणि पाडकाम जूनमध्ये मुलांबरोबरच सुरू होते. पावसात पाया खोदला जातो आणि वर्षभर काम रेंगाळते. महाराष्ट्रात मे ते जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर त्याहून थोडी जास्त, सलग सुट्टी असते. दिवाळीची वेगळी. पाडकाम, पायाचे खोदकाम आणि स्लॅब ही तीन गोंगाटाची आणि धोक्याची कामे या दोन सुट्ट्यांत बसवणे अवघड नाही. त्यासाठी प्रशासकीय मान्यता डिसेंबरात द्यावी लागेल. आणि अंदाजपत्रकात सिमेंट-सळईच्या ओळींखाली एक ओळ मुलांची हवी: पर्यायी वर्गाची जागा, पक्के कुंपण, तात्पुरते स्वच्छतागृह, ने-आण. ही ओळ नसल्यामुळेच हा खर्च कोणी करत नाही. पहिली-दुसरीचे वर्ग सर्वांत शेवटी हलवावेत, एकदाच हलवावेत आणि शिक्षक तोच ठेवावा. मोठी मुले तात्पुरती जागा सोसू शकतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. बांधकामाचा ठराव याच समितीपुढे येतो. आपल्या शाळेचा ठराव आला तर इमारतीचा नकाशा पाहण्याआधी एवढेच विचारा: पहिलीची मुले उद्यापासून कुठे बसतील, लघवीला कुठे जातील, खेळतील कुठे, आणि नव्या खोलीत कोणत्या तारखेला येतील. या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नका.